बदलीवरचा माणूस

आपल्या होस्टेलवर फुटबॉलचे पंथ किती आहेत हे नव्याने सांगायला नको. दुसऱ्या मजल्यावर मँचेस्टर युनायटेड, तिसऱ्यावर बार्सिलोना आणि जिन्यालगतच्या खोलीत आर्सेनलचे दोन निष्ठावंत. एरवी कशावरही एकमत न होणारी ही मंडळी आपली टीम हरली की रात्री दोन वाजता एकमुखाने ठराव पास करतात : मॅनेजरला हाकला! अकरा जण मैदानात धडपडतात आणि नोकरी जाते ती बाहेर उभ्या असलेल्या बाराव्याची.

म्हणजे मॅनेजर हा पेशाच बदलीचा. या बदलीची जगातली सगळ्यात भारी मार्कशीट बोरा मिलुटिनोविच या सर्बियन माणसाची. आधी स्वतः खेळाडू, मग मॅनेजर. १९८६ ते २००२ या काळात सलग पाच विश्वचषकांत त्याने पाच वेगवेगळे देश नेले : मेक्सिको, कोस्टारिका, अमेरिका, नायजेरिया आणि चीन. पण मला ज्याच्याबद्दल लिहायचंय तो माणूस आपल्या मुंबईच्या फुटबॉलमधला आहे. खालिद जमील. (सचिनला आपण 'तो' म्हणतो, त्याच हक्काने इथेही 'तो'च म्हणणार आहे.)

खालिदचा जन्म १९७७ चा, कुवेतमधला. पुढे मुंबई हेच त्याचं फुटबॉलचं घर झालं. मिडफिल्डर म्हणून तो महिंद्रा युनायटेडकडून खेळला, एअर इंडियाकडून खेळला, परत महिंद्राकडे आला, भारताची जर्सीही घातली. मग दुखापतींनी गाठलं. २००७ मध्ये मुंबई एफसी हा नवा क्लब निघाला, तिथे खेळाडू म्हणून त्याची शेवटची वर्षं गेली. त्या क्लबचा पहिला कोच होता डेव्हिड बूथ. हा इंग्रज गृहस्थ ग्रिम्स्बी टाऊनचा मॅनेजर होता, आणि पुढे देश बदलत बदलत भारतात पोचला होता. २००९ मध्ये बूथ गेला आणि क्लबने त्याची खुर्ची खालिदला दिली. वय वर्षं ३२! कालपर्यंत ज्यांच्याबरोबर एका बाकावर बसून बूट बांधले, त्यांना आज 'तू खेळणार नाहीस' असं सांगायचं. आपल्यातला एखादा फायनल इयरचा पोरगा एका रात्रीत वॉर्डन झाला तर कसं होईल, तसंच काहीसं.

आता थोडं माझ्याबद्दल. होस्टेलवर मला बरेच जण 'मरोळ' म्हणूनच हाक मारतात. पहिल्या वर्षी 'मुंबईत कुठे?' या प्रश्नाला 'मरोळ' असं उत्तर दिलं, की समोरचा 'म्हणजे दादरच्या जवळ का?' असं विचारायचा, त्यातून ते चिकटलं. तर मरोळ म्हणजे अंधेरी पूर्व. एका बाजूला एमआयडीसी, एका बाजूला विमानतळ, मध्ये जुनं गावठाण, चर्च आणि मासळी बाजार. गावठाणातल्या पोरांना फुटबॉलचं वेड, त्यामुळे आमच्या चाळीतल्या पोरांनाही ते लागलं. तिथले एक अंकल होते. मुंबई एफसीची मॅच असली की ते आम्हा चार-पाच जणांना गोळा करून कूपरेजला न्यायचे. मरोळ नाक्यावरून मेट्रोने अंधेरी, तिथून लोकलने चर्चगेट, पुढे चालत. माझं वय अकरा-बारा. खरं सांगायचं तर त्या मॅचमधले गोल आता आठवत नाहीत. आठवतो तो टचलाइनवर उभा असलेला, फारसा न बोलणारा माणूस. अंकल म्हणायचे, 'त्याला बघ. पैसे नाहीत, मोठे प्लेअर नाहीत, तरी टीम खाली जाऊ देत नाही.'

अंकलनी एका वाक्यात सात वर्षांचा हिशोब सांगितला होता. मुंबई एफसी आय-लीगच्या विजेतेपदाच्या आसपास कधी फिरकली नाही. पण खालिदच्या सात हंगामांत ती एकदाही खालच्या डिव्हिजनमध्ये गेली नाही. या कामगिरीला ट्रॉफी नसते, मिरवणूक नसते. सगळे पेपर चाळिसाने काढून एकही केटी न लागू देणाऱ्या पोराचं कौतुक होत नाही, तसंच. (त्याला किती मेहनत लागते हे ज्याचं त्याला माहीत!) २०१६ मध्ये खालिद आणि मुंबई एफसी वेगळे झाले. पुढच्याच हंगामात टीम दहा संघांत शेवटची आली, खाली गेली आणि २०१७ मध्ये क्लबच बंद पडला.

इथे जरा थांबू या, कारण 'फिरता मॅनेजर' म्हटलं की आपल्याला वाटतं, याच्या पायाला भिंगरी. हा माणूस जिथे जिथे घडला त्या जागांचं काय झालं ते बघा. महिंद्रा युनायटेड : देशाची लीग जिंकलेला संघ, २०१० मध्ये बंद. एअर इंडिया : २०१३ नंतर वरच्या लीगमधून बाहेर. मुंबई एफसी : २०१७ मध्ये इतिहासजमा. म्हणजे मुंबईतच राहायचं असं त्याने ठरवलं असतं, तरी राहायचं कुठे? त्याने घर सोडलं म्हणण्यापेक्षा पायाखालची मैदानंच एकेक करून सरकत गेली.

मला हे चटकन कळतं कारण मी मरोळचा आहे. आमच्या एमआयडीसीत पूर्वी भोंग्यावर घड्याळ लावायचे म्हणे. आता तिथे काचेच्या इमारती आणि हॉटेलं आहेत. माझे बाबा तिथल्या एका लहान कारखान्यात टर्नर होते. मी आठवीत असताना तो बंद झाला. हिशोब मिळाला, पण बावीस वर्षांची सवय एका शुक्रवारी संपली. त्या दिवशी बाबा घरी आले ते हातात एक लाकडी डबी घेऊन. डबीत त्यांचा स्वतःचा मायक्रोमीटर. पहिल्या बोनसमधून घेतलेला. नंतर ते वसईला एका वर्कशॉपमध्ये लागले आणि पहिल्या दिवशी डब्याच्या पिशवीत तीच डबी घेऊन गेले. तिथलं लेथ जुनं होतं, माणसं नवी होती. पण मायक्रोमीटर मरोळमध्ये जे दाखवायचा तेच वसईतही दाखवत होता.

खालिदची डबी उघडली ती ऐझॉलला.

२०१६ मध्ये ऐझॉल एफसी आय-लीगमधून खाली गेलेली टीम होती. गोव्याच्या क्लबांनी लीगमधून अंग काढल्यामुळे तिला परत घेतलं गेलं. आपल्या भाषेत, ग्रेस मार्कांवर पास! अशा टीमला मुंबईतून कामावरून मोकळा झालेला कोच मिळाला. तिथे काय होतं? डोंगरावरचं शहर, फुटबॉलवर जीव टाकणारी माणसं, धावून न दमणारी मिझो पोरं आणि तुटपुंजं बजेट. खालिदने मुंबई एफसीत आपल्या हाताखाली खेळलेल्या जयेश राणे आणि आशुतोष मेहता यांना बरोबर घेतलं, सीरियाचा महमूद अल अमना मिडफिल्डमध्ये उभा केला आणि मुंबईत सात वर्षं जे केलं तेच पुन्हा सुरू केलं. मागची फळी बंद ठेवायची, आपापली जागा सोडायची नाही आणि चेंडू मिळाला की वेळ न घालवता पुढे. फरक एवढाच, की मुंबईत या पद्धतीने टीम वाचायची, ऐझॉलला ती जिंकायला लागली.

२२ एप्रिल २०१७. ऐझॉलमध्ये समोर मोहन बागान. सगळा हंगाम या एका मॅचवर आलेला. झोहमिंगलियाना राल्तेच्या गोलवर ऐझॉल १-० ने जिंकलं. आठ दिवसांनी शेवटची मॅच, शिलाँगला, लाजाँगविरुद्ध. बरोबरी पुरेशी होती. नवव्याच मिनिटाला लाजाँगच्या डिकाने गोल केला! ऐझॉलहून शिलाँगला आलेल्या हजारो माणसांच्या पोटात काय झालं असेल कल्पना करा. उत्तरार्धात विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली, १-१, आणि ऐझॉल ३७ गुणांवर चॅम्पियन. मोहन बागान ३६. एका गुणाने! ईशान्येकडच्या क्लबने देशाची सर्वोच्च लीग जिंकण्याची ही पहिलीच वेळ. आदल्या वर्षी खाली गेलेली टीम आणि नोकरी गेलेला कोच.

सिनेमा असता तर इथे संपला असता. पण पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. खालिद कोलकात्याला ईस्ट बंगालकडे गेला. कलकत्ता लीग जिंकली, आय-लीगमध्ये चौथा आला, २०१८ च्या सुपर कपची फायनल बंगळुरूकडून १-४ ने हरला, आणि बाहेर. जानेवारी २०१९ मध्ये थेट मोहन बागानकडे! (कोलकात्यात हे म्हणजे सासर सोडून भावकीतल्या दुश्मनाकडे जेवायला बसणं.) हंगाम संपला, तिथूनही बाहेर. मग गुवाहाटीच्या नॉर्थईस्ट युनायटेडकडे साहाय्यक म्हणून. लीग जिंकलेला माणूस साहाय्यक! जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या परदेशी कोचला काढलं आणि हंगामी म्हणून खालिद पुढे आला. उरलेल्या नऊ लीग मॅचमध्ये टीम एकही हरली नाही आणि थेट सेमीफायनलला पोचली. त्या वर्षी त्याला पूर्णवेळ नेमलं. आयएसएलमध्ये भारतीय माणसाला असं पद मिळण्याची ती पहिलीच वेळ. आणि पुढच्याच हंगामात टीम अकरांत दहावी! मग २०२३ मध्ये खालच्या लीगमधली बंगळुरू युनायटेड. तिथून जमशेदपूर. ग्राफ काढला तर आपल्यातल्या अनेकांच्या सेमिस्टरच्या निकालांसारखा दिसेल.

जमशेदपूरला २०२४-२५ मध्ये टीम पाचवी आली, सेमीफायनल खेळली, सुपर कपच्या फायनलला गेली (तिथे गोव्याने ३-० ने हरवलं). आणि १ ऑगस्ट २०२५ ला खालिदची भारताचा कोच म्हणून नेमणूक झाली. सावियो मेदेइरानंतर तेरा वर्षांनी भारतीय माणूस त्या खुर्चीवर. पहिल्याच मॅचला ताजिकिस्तानला त्यांच्या घरी २-१ ने हरवलं, नंतर ओमानला पेनल्टीवर. होस्टेलच्या टीव्ही रूममध्ये एकदम सगळे खालिदचे लांबचे नातेवाईक झाले! महिनाभराने १४ ऑक्टोबरला मडगावला सिंगापूरकडून १-२ ने हरलो, आशिया कपचं दार बंद झालं. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशकडूनही ०-१. टीव्ही रूममध्ये नेहमीचा ठराव आवाजी मतदानाने पास.

मी त्या रात्री गप्प होतो, कारण माझ्या कप्प्यात एक पत्र होतं. कॅम्पसमधून मला नोकरी लागली होती, पोस्टिंग जमशेदपूर. योगायोग म्हणा. आईचं फोनवर एकच पालुपद, 'एवढ्या मोठ्या मुंबईत तुला काहीच नाही का रे?' तिचं चुकत नाही. घरात मी एकटाच मुलगा, बाबांची पाठ दुखते, वसईची ट्रेन त्यांना आता झेपत नाही. पगारही असा नाही की उद्या सगळं बदलेल. मरोळला राहून काचेच्या इमारतीत काहीतरी मिळालं असतं, पण ते काम यंत्राचं नव्हतं. खालिदच्या गोष्टीतून 'जा, चॅम्पियन होशील' असा अर्थ काढणं मला जमत नाही. त्याच्या जितक्या बदल्या झाल्या त्यातली ऐझॉल एकच. बाकी ठिकाणी त्याला काही मिळालं, काही गेलं, आणि बहुतेक जागी शेवटी निरोपाचा नारळ मिळाला. जायचं तर हे सगळं धरूनच.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा बाबांना विचारलं. त्यांनी पगार विचारला नाही, कंपनी केवढी ते विचारलं नाही. म्हणाले, 'मशीनवर उभं करणार आहेत की टेबलावर बसवणार?' म्हटलं, पहिली दोन वर्षं शॉप फ्लोअर. 'मग जा. दोन वर्षांत जे शिकशील ते तुझ्याकडून कोण काढून घेणार? आईचं मी बघतो.' एवढं बोलून ते पेपर वाचायला लागले. आई दोन दिवस बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी तिकडे थंडी किती पडते ते विचारायला लागली.

तर मित्रहो, जुलैपासून अस्मादिक जमशेदपूर. ज्युनिअर मंडळींना एवढंच सांगतो, की ऑफर लेटरवर शहराचं नाव बघून तोंड वाकडं करण्याआधी तिथे हाताला काम कुठलं मिळणार ते विचारा. आणि घरच्यांशी बोला, मित्रांशी बोलून ठरवू नका, आपण सगळे एकसारखेच अडाणी! तिकडे जेआरडी टाटा स्टेडियमला मॅच बघायला यायचं असेल तर कळवा. झोपायला सतरंजी आणि आपल्या मेसपेक्षा बरी डाळ, एवढ्याची हमी.

— अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी