काळी चौकट

‘घाशीराम कोतवाल’ शिकवताना आम्ही दरवर्षी एकाच ठिकाणी अडखळतो. तेंडुलकरांची संहिता हाती असते; पण 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्यात झालेल्या पहिल्या प्रयोगाने जे उभे केले, ते छापील पानात मावत नाही. ओळीने उभी असलेली माणसे क्षणात भिंत होतात, क्षणात गर्दी. जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचे संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना, ही नावे आम्ही फळ्यावर लिहीत असू. जामखेडच्या वर्गातील मुले ती निमूटपणे उतरवून घेत.

पुढे महाविद्यालयात मूडल आले. प्रयोगाची एक चित्रफीत आंतरजालावर सापडली, तिच्या संकेताच्या चार ओळी अभ्यासक्रमाच्या पानात चिकटवल्या, आणि संहितेखालीच नाटक सुरू झाले. त्या वर्षी एका विद्यार्थिनीने उत्तरात लिहिले, की भिंत पाठ फिरवते तेव्हा तीही अपराधात सामील होते. हे आम्ही शिकवले नव्हते. तिने ते पाहिले होते.

पुढच्या वर्षी त्या जागी काळी चौकट होती. चित्रफीत काढून टाकलेली होती.

आम्ही तक्रार घेऊन ग्रंथपालांकडे गेलो. त्यांनी शांतपणे विचारले, “सर, ती चढवली कोणी होती? त्यांना तसा हक्क होता का?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. मुखपृष्ठ नसलेली, प्रकाशकाचा पत्ता नसलेली प्रत आम्ही संदर्भ म्हणून कधी स्वीकारली नसती. चित्रफितीबाबत मात्र एवढी साधी चौकशीही आम्ही केली नाही.

चूक समजुतीची होती. पानात दिसते ते आपल्या संग्रहात आहे, असे आम्ही धरून चाललो. वस्तुतः पानात असतो तो केवळ पत्ता. चित्रफीत दुसऱ्याच्या संगणकावर असते आणि पाहणाऱ्यापर्यंत तेवढ्यापुरती वाहत येते. ग्रंथालयाचे कपाट वेगळे आणि दुसऱ्याच्या घराकडे उघडणारी खिडकी वेगळी. खिडकी केव्हा लावायची, हे घरमालक ठरवतो.

हक्कांचा हिशेबही तितकाच सरळ आहे. भारतीय कायद्याने चित्रपटावरील हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षे टिकतो; म्हणून प्रभातचा 1936 चा ‘संत तुकाराम’ आज मोकळा आहे. नाटककाराचा हक्क त्याच्या निधनानंतर 60 वर्षे चालतो; तेंडुलकर 2008 साली गेले. आता आमच्या ग्रंथालयात एक नवी नोंदवही आहे : चित्रफीत कोणाची, परवानगी कोणाची, केव्हापर्यंत. ती भरल्याखेरीज पानात काही चिकटवायचे नाही. काम कंटाळवाणे आहे, पण ग्रंथपालन म्हणजे पूर्वीही हेच होते.

राहिला त्या काळ्या चौकटीपुढे बसलेल्या तुकडीचा प्रश्न. कायद्याच्या कलम 52 मध्ये शिक्षक-विद्यार्थ्यांनी शिक्षणसंस्थेत, आपल्यापुरत्या प्रेक्षकांपुढे नाटक करण्यास मुभा आहे. आम्ही बाके भिंतीला सरकवली आणि मुलांना ओळीने उभे केले. ताल चुकत होता, हसू आवरत नव्हते. मग कोणीतरी म्हणाले, “आता पाठ फिरवा.” ओळ वळली, आणि वर्ग एकदम गप्प झाला.

त्या शांततेची चित्रफीत आमच्याकडे नाही.