आपला डाव, त्याचा डाव

पहिलवानी मी जत्रा-मैदानांतून केली. इनामावर खुराक चालायचा. दूध, तूप, बदाम त्यातूनच. तेव्हा मला फक्त माझं अंग माहीत होतं. डाव लागायचा, पण तो कसा लागतो हे कुणाला सांगायची वेळ आली नव्हती. कोल्हापूरच्या तालमीत वस्ताद म्हणून हौद्याच्या काठावर उभं राहिल्यावर ती आली.

नव्या पोरांची नजर समोरच्याच्या हातांवर असते. मी पाय बघतो. वजन पंजावर आहे की टाचेवर? टाचेवर बसलेल्या गड्याला पट सोसत नाही, मग अंगात कितीही ताकद असो. अन् प्रत्येक अंगाचा डाव वेगळा. लांब हातांच्या पोराला एकेरी पट सोपा जातो. बुटक्या, भरल्या अंगाच्या पोरानं धोबीपछाड घोटावा, कारण त्याची कंबर आधीच समोरच्याच्या कमरेखाली असते. वस्तादानं आपला आवडता डाव सगळ्यांच्या गळ्यात बांधला, तर तालमीत त्याच्याच कच्च्या नकला तयार होतात.

गणपतराव आंदळकरांचा मोठेपणा मला इथंच दिसतो. 1960चे हिंदकेसरी, 1962च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण, फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. एवढं मिळवलेला माणूस मोतीबाग तालमीत दुसऱ्यांची अंगं घडवत राहिला. त्यांच्या हाताखालचे दादू चौगुले 1970 आणि 1971 असे लागोपाठ महाराष्ट्र केसरी झाले, 1974च्या ख्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक घेऊन आले, आणि पुढं स्वतः वस्ताद झाले. कोल्हापूरची कुस्ती अशी एका अंगातून दुसऱ्या अंगात गेली आहे.

आता काम अवघड झालंय. मातीत गडी चितपट होईपर्यंत दम धरायला शिकवायचं, आणि त्याच पोराला मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत गुण घ्यायला लावायचं. मातीत पाय रोवावा लागतो, मॅटवर तो सतत हलता ठेवावा लागतो. माझ्या मते आधी मातीच हवी. मान, मनगट आणि धीर तिथं तयार होतो. पण मॅट लांबवणारा वस्ताद पोराचं नुकसान करतो.

गुडघा गेला, वय झालं, म्हणून लंगोट खुंटीला लावलेले कितीतरी चांगले पहिलवान आज गावोगावी आहेत. त्यांना माझी विनंती आहे: पहाटे जवळच्या तालमीत जा. पोरांना तुमची गरज आहे.