भेंडीच्या ठशांचा बिबट्या

खोक्याच्या दोन सपाट कागदांमध्ये एक नागमोडी कागद असतो. त्याच्या बारीक नळ्या ज्या दिशेने जातात, त्या दिशेने पुठ्ठा ताठ उभा राहतो. म्हणून प्राण्याचे पाय कापताना नळ्या उभ्या ठेवायच्या आणि पाठीची घडी नळ्यांच्या रेषेतच घालायची. पाच-सहा वर्षांच्या मुलांना हे सांगून कळत नाही. दोन पट्ट्या हातात देऊन वाकवायला लावल्या की लगेच कळतं.

आमच्याकडे पुठ्ठ्याला तोटा नाही. रांजणगावची एमआयडीसी शिरूर तालुक्यातच आहे, त्यामुळे भंगारवाल्याकडे खोक्यांचा ढीग असतो. सुट्टीला घरी गेलो की मी दोन-चार घेऊन येतो. खळ चुलीवर शिजते. आजी तिच्यात कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायची. मुलं बोटं चाटतात, म्हणून मी घालत नाही. पुठ्ठ्याच्या सांगाड्यावर वर्तमानपत्राच्या तुकड्यांचे दोन थर, उन्हात वाळवण, मग पांढऱ्या रंगाचा एक हात आणि त्यावर पिवळा.

बिबट्याचे ठिपके काढायला भेंडीसारखं दुसरं काही नाही. भेंडी आडवी कापून काळ्या रंगात बुडवली की पाकळ्यांचं कडं उमटतं. बिबट्याच्या पाठीवर नेमकी तशीच कडी असतात. तोंडावर आणि पायांवर मात्र भरीव ठिपके, ते बोटाने.

दिवाळीनंतर दौंडची ताई माहेरी आली होती, तेव्हा भाचा आणि पुतणी दोघांनाही बिबट्याच करायचा होता. भाचा रेल्वे स्टेशनजवळ वाढलेला. त्याचा बिबट्या मोबाइलमधला. "मामा, जबडा अजून मोठा कर. दात बाहेर पाहिजेत." पुतणी मळ्यात राहते. तिने माझे कापलेले पाय बघितले आणि म्हणाली, "काका, एवढा उंच नसतो. तो खाली दबून चालतो." तिने तो ट्रॅक्टरच्या उजेडात, बांधावर, बापाच्या मांडीवर बसून पाहिला होता. पाय निम्मे कापले.

ही 2025ची दिवाळी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आमच्याच तालुक्यातल्या पिंपरखेडला बिबट्याच्या हल्ल्यांत दोन मुलं गेली. लोक रस्त्यावर उतरले. शेतात जाणाऱ्या बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालू लागल्या, जसे आपण कुत्र्यांना घालतो. आमच्या घरीही दिवस मावळला की अंगणाचं दार बंद. पुतणीला शी-शूला नेतानाही दोन माणसं आणि बॅटरी. अशा घरात पोरांना बिबट्या करायला बसवावं का, असं वहिनीने विचारलंच. मी म्हटलं, ते तसंही दिवसभर त्याचंच बोलतात. हात तरी कामात राहतील.

भाच्याचा बिबट्या तासाभरात गुरगुरायला लागला. पुतणीने आपला बाजूला ठेवला आणि दोन पिल्लं मागितली. मग एक छोटं खोकं. मला वाटलं पिंजरा. "पिंजरा नाही. पिल्लं ठेवायला. रात्री आई न्यायला येते ना!"

ते तिने मळ्यातच ऐकलेलं. ऊसतोड सुरू झाली की फडात बिबट्याची पिल्लं सापडतात. वनखात्याची माणसं ती तपासून, त्याच जागी क्रेट किंवा खोक्यात ठेवतात आणि लांब जाऊन थांबतात. अंधार पडला की मादी येते, पिल्लू मानगुटीला धरून नेते. जुन्नर वनविभागात अशा कितीतरी भेटी कॅमेऱ्यात टिपल्या गेल्यात. ज्या प्राण्यासाठी तिच्या अंगणाचं दार बंद होतं, त्याच्या पिल्लांसाठी ती झाकण उघडं ठेवत होती. दोन्ही गोष्टी तिच्या डोक्यात एकमेकींना धक्का न लावता राहत होत्या.

"कुठं नेते?" भाच्याने विचारलं.

"दुसऱ्या उसात."

"आणि तो पण तोडला की?"

कुकडीचं पाणी आलं, बागायत वाढली आणि बिबट्यांच्या कित्येक पिढ्या उसातच जन्मल्या. त्यांना परत पाठवायला आसपास जंगल कुठाय? दोघंही माझ्याकडे बघत होती. मी दुसऱ्या पिल्लाचा कान कापत राहिलो.