दहा पावलें

परक्या देशांत माणसें सभ्यपणानें हंसतात आणि आपल्या वाटेनें निघून जातात. त्यांची भाषा आपणांस येत नाहीं, आपली त्यांना येत नाहीं. कुत्र्याला मात्र ही अडचण नसते. त्यामुळें थायलंडमध्यें आमची पहिली खरी ओळख झाली ती एका कुत्रीशीं, यांत नवल तें काय?

आमची कन्या नोकरीनिमित्त बँकॉकला असते. तिच्या आग्रहावरून आम्ही उभयतां एका हिवाळ्यांत तिकडे गेलों. पण शहराचा गोंगाट सोसेना, म्हणून हुआ हिन या समुद्रकांठच्या गांवीं तीन महिन्यांकरितां लहानसें घर घेऊन राहिलों. हुआ हिन म्हणजे दगडाचें डोकें. आणि खरोखरच तेथील वाळूंत मोठमोठे खडक डोकीं वर काढून बसलेले आहेत. राजा प्रजाधिपोक यानें याच गांवीं ‘क्लाय कांगवोन’, म्हणजे ‘चिंतेपासून दूर’, या नांवाचा वाडा बांधला. पुढें १९३२ सालच्या राज्यक्रांतीची वार्ता त्याला कळली ती याच वाड्यांत असतांना. नांवाला भिऊन चिंता वेशीबाहेर थांबत नाहींत, हेंच खरें.

आम्ही कोंकणचे. सूर्य समुद्रांत बुडतो, एवढें आम्हांस जन्मापासून ठाऊक. हुआ हिनचा किनारा पूर्वेकडे तोंड करून असल्यामुळें तेथें सूर्य समुद्रांतून वर येतो. तें अपूर्व दृश्य पाहण्यासाठीं आम्ही रोज पहांटे बाहेर पडत असूं. चवथ्या दिवशीं मागें वळून पाहतों तों दहा पावलांवर एक कुत्री उभी. अंगानें कृश, एक कान फाटलेला, रंग नुकत्याच घांसलेल्या तांब्यासारखा. आम्ही थांबलों कीं ती थांबे, आम्ही चाललों कीं ती चाले. आठवडाभरांत तें दहा पावलांचें अंतर दोहोंवर आलें. आजोळच्या गायीची आठवण होऊन सौ.नें तिला ‘तांबू’ म्हणावयास आरंभ केला.

आमच्या गल्लीच्या वळणावर एक वृद्ध बाई हातगाडीवर सकाळीं तांदळाची पेज विकीत असे. त्या देशांतहि अनोळखी माणसाला नात्यानेंच हांक मारतात. तिला सगळे ‘पा’, म्हणजे मावशी म्हणत; ती आम्हांला ‘लुंग’, म्हणजे काका म्हणूं लागली. तिची शाळकरी नात इंग्रजी थोडेंफार बोले. तीच आमची दुभाषी. तांबूला नगरपालिकेच्या लोकांनीं लस टोंचल्याचें तिनेंच सांगितलें, तेव्हां कुठें आम्हीं तिच्या डोक्यावर हात ठेवला. ‘तांबू’चा अर्थ ऐकून मुलगी टाळी वाजवून हंसली. राजा भूमिबोल याच्या लाडक्या कुत्रीचें नांव थोंगडेंग, म्हणजेच तांबें! रस्त्यावरच्या कुत्रीच्या पोटीं जन्मलेल्या त्या प्राण्यावर राजानें २००२ सालीं स्वतः पुस्तक लिहिलें, आणि २०१५ सालीं ती वारली तीहि याच हुआ हिनमध्यें. थाई भाषेंत कुत्र्याचा सभ्य शब्द ‘सुनक’ आहे, हेंहि त्याच दिवशीं कळलें. आपला शुनक इतक्या दूर आदरानें नांदतो आहे, याचा आम्हांस उगाच अभिमान वाटला.

पोळी तांबूनें हुंगून सोडून दिली. दूधभात मात्र चाटून पुसून खाल्ला. मग ती आमच्या पायरीवरच निजूं लागली. पूर्वीं ती कोठें निजत असे, हें विचारण्याचें आम्हांस सुचलें नाहीं.

दोन महिने असे गेले. एके दिवशीं दुपारीं ती लंगडत आली. मांडी फाटली होती. पेजेच्या गाडीखालीं ती गेली होती आणि तेथें नव्यानें येऊन बसलेल्या दोन कुत्र्यांनीं तिला फाडलें होतें. थोड्याच वेळानें पा आणि तिची नात आल्या. पानें जखम धुतली, हळद भरली आणि नातीकरवीं विचारलें, “लुंग, तुम्ही परत केव्हां जाणार?”

“तीन आठवड्यांनीं.”

“मग ही कोठें राहील?”

तिच्या स्वरांत राग नव्हता; म्हणूनच आम्हांस उत्तर सुचेना. गाडीखालची जागा तांबूनें भांडून मिळविलेली, चार वर्षांची होती. आमच्या दूधभातासाठीं ती तिनें सोडली, आणि सोडलेली जागा रिकामी राहिली नाहीं. पा रोज पहांटे भिक्षूंच्या पात्रांत भात घाली. त्याला तेथें ‘बुन’ म्हणतात. आपलें पुण्य तेंच. आम्हींहि मनांतल्या मनांत तांबूच्या नांवानें पुण्याची जमा मांडीत होतों. त्या रात्रीं हिशेब पुन्हां पाहिला, तेव्हां दिसलें कीं भूक अधिक आमचीच होती. परक्या गांवीं कोणी तरी आपल्या मागून चालावें, एवढ्यासाठीं आम्हीं एका जीवाचें घर मोडलें होतें.

उपाय सौ.नें काढला. दारापासून गाडीपर्यंत दोनशें पावलें भरत. हातांत वीस दिवस होते. रोज ताटली दहा पावलें पुढें न्यावयाची. पानें मान हलविली आणि पळी उगारून त्या दोन कुत्र्यांना हांकलण्याचें काम स्वतःकडे घेतलें.

सहा दिवस ठीक गेले. सातव्या दिवशीं तांबूनें ताटलीला तोंड लावलें नाहीं. परत येऊन ती दार खाजवूं लागली. आंत आम्ही उभयतां गुन्हेगारासारखीं बसलों होतों. सौ. उठली, पण दार न उघडतां त्यावर नुसता हात ठेवून उभी राहिली. धर्मराजानें कुत्र्यासाठीं स्वर्ग नाकारला, ही कथा आम्हीं मुलांना कितीदां सांगितली असेल! पण धर्मराजाला पुढेंच जावयाचें होतें. आम्हांस मागें फिरावयाचें होतें. तीन दिवस असेच गेले. चवथ्या दिवशीं ती वाटेवरच जेवली.

विसाव्या दिवशीं ताटली गाडीखालीं पोंचली. तींत दूधभात नव्हता. पाची पेज होती.

निघण्याच्या सकाळीं मोटार वळणावर क्षणभर थांबविली. तांबू गाडीखालीं पडून होती. तिनें मान उचलून आमच्याकडे पाहिलें, शेंपूट दोनदां जमिनीवर आपटलें, आणि पुन्हां पुढल्या पायांवर डोकें ठेवलें. पानें पळी वर करून निरोप दिला.

“अहो, ती उठली नाहीं, हें बरें झालें,” सौ. म्हणाली, आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली.

आतां आमच्या आळींत एखादें कुत्रें दाराशीं आलें, म्हणजे सौ. आधीं शेजारीं चौकशी करते, “हें कोणाच्या जागेवरचें?” भात कालवावयास ती त्यानंतर घेते.