ब्रह्म आणि लापशी

घरात मोलकरीण नाही. लॅटिन, ग्रीक, संस्कृत जाणणारा एक गृहस्थ तोंड धुतलेलं पाणी स्वतःच ओततो, जग भरून ठेवतो आणि हमखास सांडतो. पुसायला फडकं नाही. हे पुरुषाचं काम नव्हे, असं घरातली स्त्री सुनावते. आणि या सुनीताची सुरुवात कशी, तर हा गृहस्थ स्वतःला ब्रह्म म्हणवतो!

कवीचं नाव योहान आंद्रेआस देर माउ. पण कवितेखाली त्यांनी सही केली ती ‘अद्वैत’ अशी. आपल्याकडे प्रवचनात इतक्यांदा कानावर पडून गुळगुळीत झालेला हा शब्द नेदरलंड्समध्ये एका कवीचं टोपणनाव झाला.

1863 साली आर्नहेमजवळच्या वेस्टरवूर्टला ते जन्मले. लायडनला अभिजात भाषा शिकले. 1890 साली डॉक्टरेट मिळवली ती लॅटिनमध्ये लिहिलेल्या प्रबंधावर. प्राचीनांना निसर्गाचं नवल कसं वाटे, हा त्याचा विषय. पुढे डूटिनखेमच्या शाळेत मास्तरकी. 1904 साली मन पार खचलं आणि नोकरीही गेली. मग हेगमध्ये खाजगी शिकवण्या. मधल्या काळात लायडनचे हेगेलवादी प्राध्यापक बोलंड यांच्याशी त्यांनी कडाडून वाद घातला. 1905 चं ‘निरपेक्ष चिद्वाद’ हे पुस्तक त्यातलंच. वाद घालण्यात हा माणूस भलताच तरबेज होता.

कविता मात्र जोमाने आली ती पन्नाशीच्या आसपास. दुसऱ्यांच्या नवलावर प्रबंध लिहिणाऱ्याने आता स्वतःच नवल करायला घेतलं. ‘ब्रह्मन्’ या त्यांच्या कवितासंग्रहाचा पहिला भाग 1919 चा. त्याच वर्षी 8 जुलैला ते गेले. दुसरा भाग 1920 साली आला. सगळ्याच कविता सारख्या उतरलेल्या नाहीत. कुठे कुठे तत्त्वज्ञान इतकं जड होतं की ओळ वाकते.

मोलकरणीच्या सुनीतात ती वाकत नाही. ती स्त्री त्याच्यापुढे ओटच्या लापशीची बशी ठेवते. त्याला तिच्या बोटांची भेगाळलेली टोकं दिसतात. सूर्य, बाख आणि कांट यांच्यापुढे जो भक्तिभाव दाटून येतो, तोच आता तिच्या घट्टे पडलेल्या हातांपुढेही. बाखच्या शेजारी हे हात बसवताना कवीचा आवाज जरासुद्धा चढत नाही, आणि इथेच तो जिंकतो. एरवी ‘ब्रह्म’ म्हटलं की डोळे मिटायची सवय. इथे ते बशीवर खिळलेले. बरं, घट्टे पडतात ते तिच्याच हातांना, हेही त्याला टोचतं. लाड करून घेतलेला माणूस आहे तो, आणि तसं कबूलही करतो.

त्यांच्याकडे शिकवणीला येणारा एक मुलगा, व्हिक्टर फान फ्रीसलंड, पुढे स्वतः कवी-समीक्षक झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर गुरुजींचं समग्र लेखन त्याने संपादित केलं. त्यात हेगेलवाद्यांशी केलेली भांडणंही आहेत. लोक वाचतात ती मोलकरीण नसलेल्या घराची कविता.