फोटू लाचा उतार

चढ ही मजुरी आणि उतार ही कमाई, असा वऱ्हाडातल्या सायकलवाल्याचा हिशेब असतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट छाती फुटेस्तोवर चढायचा, वर चहा मारायचा आणि ब्रेकवर दोन बोटं ठेवून हवा खात खाली यायचं. डिसेंबरात पहाटे तिथं धुकं असतं, हात गारठतात. त्यालाच आम्ही थंडी म्हणत होतो! मोझरीला तर महामार्गच सपाट, चढ म्हणावा तर दासटेकडीचा.

तुकडोजी महाराज १९५५ साली जपानला जाऊन आले, त्यामुळे दूरदेशी जाण्याचं मोझरीतल्या आमच्या गुरुकुंजाला फारसं अप्रूप नाही. पण डिसेंबर सरताना लडाखात, तेही सायकलवर, म्हटल्यावर माय एवढंच म्हणाली, "मरायले चालला का रे बाप्पा?"

श्रीनगर-लेह रस्त्यावरची सगळ्यात उंच खिंड फोटू ला, ४,१०८ मीटर. श्रीनगरकडचा झोजी ला बर्फात अडकला तरी लेह-कारगिल हा तुकडा सीमा सडक संघटनेची माणसं हिवाळाभर वाहता ठेवायला बघतात, म्हणून हा उपद्व्याप जमण्यासारखा होता. लामायुरूचा मठ आणि त्याखालचे पिवळ्या मातीचे सुरकुतलेले डोंगर मागे टाकून आम्ही निघालो. सोबतीला अकोल्याचा एक मित्र, वयानं बराच लहान. निघालो तेही दहा वाजता. मे महिन्यात आम्ही उन्हाच्या आधी पाच वाजता घर सोडतो, इथं ऊन रस्त्यावर उतरायची वाट बघत बसायचं.

सायकलीची तर जातच बदलली होती. मागच्या हबमधलं ग्रीस अशा थंडीत घट्ट होतं, आतले खटके चिकटून बसतात, मग पायडल मोकळंच फिरतं आणि चाक जागचं हलत नाही. म्हणून ग्रीस पुसून आधीच पातळ तेल घातलं होतं. टायर बारीक खिळ्यांचे. पाण्याची बाटली लोकरी मोज्यात घालून उलटी टांगायची, कारण बर्फ वरून धरतो. उलटी असली की तो बुडाशी जमतो आणि तोंड मोकळं राहतं. हे कळल्यावर मी मनातल्या मनात त्या पहिल्या शहाण्याला दंडवत घातला. मोबाइल मात्र उलटा-सुलटा कसाही ठेवा, खिशात छातीशी नसेल तर अर्ध्या तासात मान टाकतो.

वर जावं तसा बर्फ टायरखाली करकरायला लागला. हवेतला प्राणवायू समुद्रकाठच्या मानानं जेमतेम साठ टक्के. चार पायडल मारले की धाप. आणि तरी अंग गरम! मित्रानं जाकिटाची चेन गळ्यापासून पोटापर्यंत उघडली, तेव्हा मी ओरडलो, मग माझीही उघडली. घाम येऊ द्यायचा नाही, हा इथला पहिला नियम. आमच्याकडे मे महिन्यात घाम आटला की माणूस घाबरतो, उष्माघाताची ती खूण. इथं घाम फुटला की घाबरायचं. हळू चढा, दम लागण्याआधी थांबा, बनियन कोरडं ठेवा. जोर असून तो न लावणं हे अकोल्याच्या पोराला चढापेक्षा जड गेलं.

माथ्यावर पताका आणि टीव्हीचा मनोरा. थर्मामीटर उणे पंधरा. पिशवीतली आंबिया बहराची संत्री दगड झाली होती. फोड दातानं तोडायला गेलो तर कुट्‌कन आवाज आला. ती गुंडाळलेला अमरावतीचा शिळा पेपर मात्र कामाला आला: मनोऱ्याच्या आडोशाला ओलं बनियन काढून कोरडं चढवलं आणि पेपर छातीवर पसरून जाकिटाची चेन लावली. युरोपातले घाटातले शर्यतवाले पूर्वीपासून हेच करत आले आहेत. वऱ्हाडातल्या बातम्या वऱ्हाडात इतक्या कधी उपयोगी पडल्या नव्हत्या.

मग उतार. पाय रिकामे, अंगात ऊब तयार होत नाही आणि वारा आपणच अंगावर ओढून घेतो. उणे पंधराला ताशी तीसचा वारा लागला की कातडीला ती थंडी उणे सव्वीसची लागते. पहिल्या दोन वळणांतच बोटं ब्रेकवर आहेत की नाहीत ते डोळ्यांनी बघावं लागलं. सावलीतल्या वळणावर काचेसारखा गोठलेला रस्ता. त्यापुढे ऊब यावी म्हणून आम्ही उतरलो आणि सायकल धरून चक्क पळत सुटलो, उतारावर! थांबायचं, हात चक्रासारखे फिरवायचे, पुन्हा थोडं जायचं. बोटांत रक्त परतलं तेव्हा मित्र कळवळला, "भाऊ, हे तर विंचवापेक्षा बेक्कार आहे."

आयर्लंडची डर्व्हला मर्फी जानेवारी १९६३ मध्ये, युरोपातल्या त्या गाजलेल्या हिवाळ्यात, सायकलवर एकटी भारताकडे निघाली होती. लांडग्यांवर तिनं पिस्तूल झाडलं, ती गोष्ट सगळे सांगतात. मला तिचे हातमोजे बघायचे होते.

बोधखर्बूला ज्यांच्याकडे उतरलो त्यांनी बुखारीजवळ, म्हणजे शेगडीजवळ, बसवलं, पण हात विस्तवावर धरू दिले नाहीत, काखेत घालायला लावले. खारट लोण्याच्या चहाचा दुसरा पेला झाल्यावर त्यांनी आमच्याकडच्या उन्हाळ्याची चौकशी केली. सेहेचाळीस म्हटल्यावर त्यांना वाटलं, आमचं हिंदी कच्चं आहे. बोटांवर मोजून दाखवलं. मग त्यांनी बायकोला हाक मारून बोलावलं, लडाखीत काहीतरी सांगितलं आणि दोघंही आमच्याकडे कीव आल्यासारखं बघायला लागली.

"एवढ्यात तुम्ही बाहेर निघता?"

"निघतो ना," मित्र म्हणाला, "खिशात कांदा ठेवून."

ते त्यांना अजिबात पटलं नाही. दुसऱ्या दिवशी नमिका ला होता, ३,७०० मीटरचा, आणि निघायचं होतं परत दहालाच.