मागच्या पंगतीतली माणसं

15 जानेवारी 2020, अ‍ॅक्रन

एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या शंभराव्या हंगामानिमित्त कँटनच्या फुटबॉल हॉल ऑफ फेमने मानकऱ्यांची खास यादी काढली, ती आज सकाळी टीव्हीवर जाहीर झाली. पंचवीस जणांच्या समितीने दहा जुने खेळाडू निवडले. वाटलं होतं, निदान या निमित्ताने तरी पहिल्या पिढीचा अनुशेष भरून निघेल. दहांत त्या पिढीचा एकच निघाला, ड्यूक स्लेटर. बाकी नऊ जण 1944 किंवा त्यानंतर मैदानात उतरलेले.

स्लेटरबद्दल दुमत नाही. 1922 ते 1931 अशी दहा वर्षं तो टॅकल म्हणून खेळला. कृष्णवर्णीय, म्हणून 1924 मध्ये कॅन्सस सिटीतल्या सामन्याला त्याला बाहेर बसवलं. पुढे शिकागोत न्यायाधीश झाला आणि 1966 मध्ये गेला. हॉल उघडला 1963 ला. म्हणजे जिवंतपणी मान द्यायचा, तर तीन वर्षं हाताशी होती.

18 जानेवारी, शनिवार

कँटनला जाऊन आलो. इथून अर्ध्या तासाची वाट. काचेआड अ‍ॅलेगेनी अ‍ॅथलेटिक असोसिएशनच्या जमाखर्चाचा कागद आहे, 12 नोव्हेंबर 1892 चा. पिट्सबर्गमधला सामना. एकूण खर्च 1,062 डॉलर, शिल्लक 621. खर्चाच्या ओळींत एक नोंद: हेफेलफिंगरला खेळण्याबद्दल रोख 500. खेळाडूने खेळण्यासाठी रोख पैसे घेतल्याचा हा सर्वांत जुना पुरावा, म्हणून त्याला व्यावसायिक फुटबॉलचा जन्मदाखला म्हणतात.

पज हेफेलफिंगरचा ब्राँझचा अर्धपुतळा मात्र इथे नाही, आणि त्याची मला हळहळही वाटत नाही. येलकडून खेळताना तो बहाद्दर होता हे खरं, पण ती कॉलेजातली कमाई. एका दुपारच्या बिदागीवर कारकीर्द ठरवू नये. ‘पहिला’ आणि ‘थोर’ यांची गल्लत केली की खऱ्या दावेदारांचं नुकसान होतं.

2 फेब्रुवारी, रविवार

शेजारीपाजारी सुपर बोलची धामधूम. मी व्हर्न लेवेलनच्या नादी लागलोय.

ग्रीन बे पॅकर्सनी 1929, 1930 आणि 1931 अशी लागोपाठ तीन अजिंक्यपदं मिळवली. त्या संघातले हबर्ड, मिखाल्स्के, जॉनी ब्लड, प्रशिक्षक लॅम्बो, सगळे आत गेले. लेवेलन आणि लॅव्ही डिलवेग राहिले.

लेवेलनच्या नावावर 51 टचडाउन आहेत, पण त्याचं खरं हत्यार पंट, म्हणजे हातातून सोडलेला चेंडू लाथेने लांब उडवणं. तेव्हा चेंडू आजच्यापेक्षा जाडजूड, आणि पास टाकायचा तर डाव सुरू होतो त्या रेषेच्या पाच यार्ड मागूनच, असा नियम. चेंडू पुढे रेटणं जिकिरीचं. म्हणून संघ कधीकधी पहिल्याच डाउनला, म्हणजे पहिल्याच प्रयत्नात, लांब पंट मारून समोरच्याला त्याच्या गोलरेषेपाशी कोंडायचे आणि त्याच्या चुकीवर टपून बसायचे. आज पंट म्हणजे नाइलाज. तेव्हा तो डावपेच होता, आणि लेवेलन त्यातला उस्ताद. पण लीगची अधिकृत आकडेवारी सुरू झाली 1932 ला, त्याच्या शेवटच्या हंगामात. निव्वळ पंटर म्हणून पहिला माणूस, रे गाय, हॉलमध्ये गेला तो थेट 2014 मध्ये.

9 फेब्रुवारी

आकडे नाहीत, मग पारख कशी करायची? माझं उत्तर सोपं आहे: ज्यांनी त्यांना खेळताना पाहिलं त्यांचा कौल बघा. ‘ग्रीन बे प्रेस-गॅझेट’ दरवर्षी लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंचा संघ निवडायचं. गावच्या पेपरने गावच्या पोरांना झुकतं माप दिलं असेल, ही शंका रास्त; पण मतं लीगच्या इतर शहरांतल्या क्रीडा पत्रकारांचीही असत. डिलवेग 1927 ते 1931 सलग पाच वर्षं सर्वोत्तम ‘एंड’ खेळाडूंत गणला गेला. आणखी पुरावा हवा तर खुद्द हॉलच्या निवडकर्त्यांनी 1969 मध्ये 1920 च्या दशकाचा संघ निवडला, त्यात डिलवेग आहे. त्या संघातला तो आणि हंक अँडरसन सोडले तर सगळ्यांना कँटनमध्ये जागा मिळाली.

20 जून

वॉशिंग्टनच्या जुन्या स्टेडियमबाहेरचं, तिथल्या संघाचा मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल याचं स्मारक काल हटवलं. 1934 ते 1945 या काळात लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. मार्शलने तर केंद्र सरकारने दट्ट्या लावेपर्यंत, म्हणजे 1962 पर्यंत, आपल्या संघाची दारं बंद ठेवली. आणि पुढच्याच वर्षी हॉलच्या पहिल्या सतरा मानकऱ्यांत त्याचं नाव!

आमच्या अ‍ॅक्रनला 1920 चं अजिंक्यपद मिळवून देणाऱ्यांत कृष्णवर्णीय फ्रिट्झ पोलार्ड होता; पुढच्या वर्षी तो सहप्रशिक्षकही झाला. त्याला हॉलने बोलावलं 2005 मध्ये, मृत्यूनंतर एकोणीस वर्षांनी. जुन्या लोकांचं मूल्यमापन अवघड असतं, हे कारण इथे टिकत नाही. मार्शल बड्यांच्या बैठकीतला होता, पोलार्ड नव्हता, एवढाच फरक.

17 सप्टेंबर

बरोबर शंभर वर्षांपूर्वी कँटनमध्ये राल्फ हेच्या हपमोबील गाड्यांच्या शोरूममध्ये लीग जन्मली. ज्याच्या जागेत बैठक भरली तो राल्फ हेही हॉलबाहेरच.

माझं मत विचारलं तर खेळाडूंत आधी डिलवेग, मग लेवेलन. उभारणी करणाऱ्यांत राल्फ हे. पण नुसत्या नावांनी भागणार नाही. या मंडळींना सत्तरच्या दशकातल्या खेळाडूंच्याच रांगेत उभं करतात, ज्यांचे सामने फिल्मवर आहेत आणि ज्यांचे चाहते अजून हयात आहेत. 1946 पूर्वी निवृत्त झालेल्यांसाठी ठराविक वर्षांनी एक राखीव जागा ठेवा, आणि जुनी वर्तमानपत्रं चाळणाऱ्यांच्या हाती निवड द्या. नाहीतर निवडीला लागणारी ऐंशी टक्के मतं जमवायला डिलवेगला दुसरी शताब्दी उजाडेल.